चावी काढल्यानंतरची मिनिटं

आमच्या दादाची गाडी चावी काढल्यावरही चालू राहायची. दारं लावून, चावी घेऊन दादा घरात यायचा, न्हाणीत हातपाय धुवायचा, आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये, आत कुणीही नसताना, ती हलक्या आवाजात गुरगुरत उभी असायची. बरोबर दोन मिनिटांनी ती आपली आपण बंद व्हायची. सुरुवातीच्या महिन्यात प्रेम नगरातल्या निम्म्या गल्लीने येऊन आम्हाला गाडी चालू राहिल्याची वर्दी दिली. दूधवाला तर रोज फाटकातून ओरडायचा, "भैयाजी, गाड़ी चलत रै गई." दादा आतूनच उत्तर द्यायचा, "रहने दो, साँस ले रही है."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते आणि तोंड वाकडं करते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणी मला उठसूट अंगारे लावणारी बाई समजू नये.

दादा अकरा वर्षं आखातात एका गॅरेजमध्ये होता. परत येताना लोक सोनं आणतात, ब्लँकेटं आणतात. आमच्या दादाने गाडी आणली. नव्वदच्या दशकातली, जपानी, दोन दारांची, गर्द निळी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. तिचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असायचे. बटण दाबलं की ते वर यायचे, उजवा आधी, डावा जरा रेंगाळून. इंजिनाचा जोर चारही चाकांना जायचा, त्यामुळे आमच्याकडच्या काळ्या मातीच्या चिखलातही ती अडायची नाही. मागे मात्र माणूस बसवणं अवघड. आईला एकदा हौसेने बसवली आणि बाहेर काढायला दोन शेजारणी लागल्या. दोन माणसं बसायची गाडी आणि चार चाकांना जोर, हा कसला हिशेब, असं आई त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत होती.

तिच्यात टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, एवढं मी दहावीच्या मुलींनाही सांगू शकते. वेगात असताना दादाने पाय उचलला की ती जादा हवा सुटायची आणि कुणीतरी अगदी कानाशी सुस्कारा टाकल्यासारखं वाटायचं. मला ते कधीच आवडलं नाही. तो पंखा लाल होईस्तोवर तापतो. इंजिन एकदम बंद केलं तर त्यातलं तेल जळतं. म्हणून दादाने स्टिअरिंगच्या बाजूला काडेपेटीएवढी एक डबी बसवली होती. लाल आकड्यांची. चावी काढल्यावर ती इंजिनाला दोन मिनिटं चालू ठेवायची, निवू द्यायची आणि मग बंद करायची. यात गूढ काही नाही.

घरात आम्ही तिघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाने लग्न केलं नाही, मी केलं आणि वर्षाच्या आत परत आले. आमचं घराणं कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलं ते इथलंच झालं. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात, पण आईच्या तोंडी अजून फडताळ आणि माजघर असतं, आणि चहाच्या भांड्याला ती पातेलं म्हणत नाही, पातेली म्हणते. या पातेलीचं आणि दादाच्या गाडीचं एक गणित जमलं होतं. गाडी शेडमध्ये शिरली की आई पातेली गॅसवर ठेवायची. दादा आत यायचा, चावी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला स्वतः अडकवायचा. ती चावी त्याने कधी कुणाच्या हातात दिली नाही. मला मोठ गावाच्या रस्त्यावर गाडी शिकवायचा तेव्हासुद्धा घरी पोचल्यावर चावी काढून घ्यायचा. मग बाहेर इंजिन गप्प झालं की आई म्हणायची, "झालं," आणि तीन कप चहा गाळायची. चहा कधी कमी उकळला नाही की जास्त. एवढ्या वर्षांत आईने घड्याळ बघितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, चैत्रात, सकाळी दादाच्या छातीत जड वाटायला लागलं. मी गाडी चालवते म्हटलं तर ऐकेना. स्वतः चालवत हॉस्पिटलला गेला. आवारात गाडी लावली, चावी काढली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "धर." मी चावी घेतली. आम्ही पायऱ्या चढून आत जाईपर्यंत मागे इंजिनाचा आवाज येत होता. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन गेले.

चुलतभाऊ आला होता. तो म्हणाला, मी त्याला घेऊन येतो, तू पुढे जाऊन काकूला सांग. मी दादाची गाडी चालवत घरी आले. कशी आले ते मला आठवत नाही. शेडमध्ये लावली, चावी काढली, दार लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. आईने पातेली चढवलेली होती. बाहेर इंजिन चालू होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं. मी सांगू शकले असते. तोंडही उघडलं होतं. पण बाहेर तो आवाज होता, रोजचा, दादा आता हात पुसत आत येईल असा, आणि मी गप्प बसले. दोन मिनिटं. इंजिन थांबलं. आई "झालं" म्हणाली नाही. तिने तीन कप गाळले. तिसरा कप बशीवर ठेवला, आणि तेव्हा मी सांगितलं.

त्या दोन मिनिटांची लाज माझ्या मनातून गेली नाही. मुलगा गेलेला असताना मी आईला त्याच्यासाठी चहा करू दिला. आईने त्यावर एक शब्द काढला नाही आणि मीही विषय काढायला धजावले नाही.

गाडी विकायचं कुणी बोललं नाही. उभी ठेवली तर बॅटरी मरते, म्हणून मी दर रविवारी ती मोठच्या रस्त्याने थोडी लांब नेऊन आणायचे. घरी आले की चावी खिळ्याला लावायची आणि स्वयंपाकघरात पाटावर बसायचं. बाहेर गाडी चालू, आत आम्ही दोघी. त्या दोन मिनिटांत आम्ही बोलत नसू. कुणीतरी मागून येतंय आणि आपण त्याची वाट बघतोय, असं दर वेळी व्हायचं. दाराकडे बघायचं नाही असं मी ठरवायचे आणि दर वेळी बघायचे. मग इंजिन थांबायचं आणि आई चहा गाळायची. तीन कप. तिसरा कप निवून साय धरायचा. संध्याकाळी आई तो कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची. मी कधी आई, दोनच कर, असं म्हटलं नाही. कढीपत्ता मात्र फोफावला होता.

गेल्या हिवाळ्यात ते सुरू झालं. एका रविवारी मी येऊन बसले आणि गाडी बंदच होईना. चहा वर आला, आईने गॅस बारीक केला. तीन मिनिटांनी इंजिन थांबलं. जाऊन पाहिलं तर डबीवर दोनच्या जागी तीन होतं. माझाच हात लागला असेल म्हणून मी ते दोनवर आणलं. पुढच्या रविवारी ते चार होतं. मी पुन्हा दोनवर आणलं. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. आई शांतपणे चहा ढवळत होती. चहा इतका उकळला की कडू झाला, तरी इंजिन थांबल्याशिवाय तिने तो उतरवला नाही.

आणि सीट. मी बुटकी आहे, गाडी चालवायची तर सीट अगदी पुढे ओढावी लागते. रविवारी मी ती पुढे ओढायचे, आणि पुढच्या रविवारी दार उघडलं की ती मागे गेलेली असायची. अगदी शेवटपर्यंत मागे. दादा उंच होता. त्याच्या पायांना तेवढी जागा लागायची.

पहिल्यांदा मी सीटचा खटका झिजला असेल म्हटलं. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. तिसऱ्यांदा मी शेडमध्ये उघड्या दारापाशी उभी राहिले आणि आत बसायला माझे पाय तयार होईनात. बाहेर टळटळीत ऊन होतं, समोरच्यांच्या गच्चीवर गोधड्या वाळत होत्या, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. एवढं सगळं रोजचं चालू असताना मला घाम फुटला. मला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा भयंकर राग आला.

दतिया गेटजवळ दादाचे एक जुने मित्र आहेत, मिस्त्रीजी. या गाडीला दादाव्यतिरिक्त फक्त त्यांचाच हात लागलेला. त्यांनी सीटचा खटका दहा वेळा ओढून पाहिला, डबी काढून पाहिली, तारा तपासल्या. मग हात पुसत म्हणाले, "बहनजी, इसमें कोई खराबी नहीं है. ये अपने आप नहीं बढ़ता. कोई बढ़ाता है."

मी म्हटलं, घरात मी आणि माझी म्हातारी आई. ते नट परत घट्ट करायला लागले.

आईचा मला संशय आला नाही. तिला टीव्हीचा रिमोट कळत नाही, फोन वाजला तर ती मला हाक मारते. तिच्या गुडघ्यांना तीन पायऱ्यांचं ओझं होतं. आणि त्या दिवसानंतर ती शेडकडे फिरकलेली मी पाहिली नव्हती. कपडे वाळत घालायलासुद्धा ती वळसा घालून जायची.

मी गाडी विकायचं ठरवलं. स्वतःला सांगितलं की हिचे सुटे भाग मिळत नाहीत, टायर संपलेत, नोंदणीची मुदत संपत आलीय. सगळं खरं होतं. पण खरं कारण हे होतं की मला रविवार नको झाला होता. बबिन्याच्या लष्करी छावणीत पोस्टिंगवर आलेला एक तरुण अधिकारी, मूळचा साताऱ्याकडचा, असल्या जुन्या गाड्यांचा वेडा, मिस्त्रीजींच्या ओळखीने घरी आला. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि देवळात उभं राहावं तसा हात जोडून उभा राहिला. पुढच्या रविवारी घेऊन जातो म्हणाला.

आता फक्त आईला सांगायचं उरलं होतं. दादाच्या मागे घरात त्याचं म्हणावं असं ते एवढंच होतं, आणि ते मी काढून टाकायला निघाले होते. एकदा मी तिच्यापासून दोन मिनिटं लपवली होती, आता तिच्याकडून सगळंच हिसकावून घेतेय असं मला वाटत होतं. ती नाही म्हणाली असती तर मी गाडी ठेवली असती, भीत भीत चालवली असती. मी जेवताना सांगितलं. आईने भाजी वाढली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. त्या "बरं"ने मला रात्रभर छळलं.

रविवारच्या आदल्या दिवशी शाळेत परीक्षेची बाकं मांडायची होती म्हणून आम्हाला बाराला सोडलं. मी फाटकातून आत आले. शेडचं शटर कमरेइतकं वर होतं. मी वाकून आत पाहिलं. गाडीच्या मागच्या काचेतून पुढची सीट दिसत होती, अगदी मागे सरकवलेली, आणि तिच्यावर एक डोकं होतं. पांढऱ्या केसांचं, पुढे झुकलेलं. समोर लाल आकडे पेटलेले होते.

दादाचे केस शेवटी पांढरे झाले होते.

मी "दादा" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. वीस वर्षं विज्ञान शिकवून ऐनवेळी माझ्या तोंडून हेच निघालं.

"मी आहे ग," आतून आई म्हणाली.

मी शटर वर लोटलं आणि आत गेले. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. गुडघे दुमडत नाहीत म्हणून तिने सीट मागे केली होती. खालचा खटका कसा ओढायचा ते तिला माहीत होतं. चावी एक टप्पा फिरवलेली होती, इंजिन बंद होतं, फक्त डबी जळत होती. डबीवर नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद होते. आईचं बोट बटणावर होतं, आणि बटणाभोवती हळदीचा पिवळा डाग होता. तो डाग जुना होता. इतके आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

"पुढे जातच नाही," आई म्हणाली. "मघापासून दाबतेय."

मी दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसले. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं. दादानेच, ती म्हणाली. तू शाळेत असायचीस तेव्हा तो मला इथे बसवून सगळं दाखवायचा. तुला सांगू नको म्हणाला होता, तू हसली असतीस. मी हसले असते, हे खरं आहे. मग तिने चावी मागे फिरवली आणि आकडे विझले. आम्ही दोघी त्या बुटक्या गाडीत तशाच बसून राहिलो. मला तेव्हा बोलावंच लागलं. मी म्हटलं, आई, त्या दिवशी मी लगेच सांगायला हवं होतं. मी तुला चहा करू दिला.

आई समोर भिंतीकडे बघत होती.

"मला तू आत आलीस तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "चावी तुझ्या हातात होती."

"मग तीन कप का गाळलेस?"

"गाडी चालू होती ना."

तीन वर्षं मी समजत होते की ती दोन मिनिटं मी तिच्यापासून लपवली. तिने ती माझ्याकडून घेतली होती. आणि आता माझ्या नकळत ती वाढवत नेत होती, तीन, चार, सहा, आणि आता डबीच्या टोकाला येऊन पोचली होती.

मी म्हटलं, त्या अधिकाऱ्याला नाही म्हणून सांगते, आजच फोन करते. आईने मान हलवली. "नको. घेऊन जाऊ दे त्याला. नऊ झाले तरी शेवटी इथेच बंद होते ती. तो चालू गाडी घेऊन जाईल."

रविवारी दहाच्या सुमारास तो आला. कागदांवर सह्या झाल्या. आईने त्याला जवळ बसवून घरचं सगळं विचारलं, आईवडील कुठे असतात, खाणावळीत जेवण कसं असतं. मी त्याला डबी समजावून सांगितली आणि आकडा तेवढा बदलू नकोस म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही, फौजेतली पोरं असं विचारत नाहीत. चहा घेऊन जा म्हटलं तर परतायला उशीर होईल म्हणाला. आई दारापर्यंतही आली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने पातेली चढवली.

त्याने गाडी सुरू केली. दिवे उगाचच वर करून पाहिले, उजवा आधी, डावा रेंगाळून. गाडी फाटकातून बाहेर पडली. कोपऱ्यावर त्याने पाय उचलला असावा, कारण तो सुस्कारा ऐकू आला. मग आवाज मोठ्या रस्त्यावर गेला, लहान होत गेला, आणि रेल्वेच्या, टेम्पोच्या, सगळ्यांच्या आवाजात मिसळला. नेमका कुठे संपला ते मला सांगता येणार नाही. मी फाटकात उभी राहून कान देऊन ऐकत होते, तरी नाही.

आत आले तर चहा उकळत होता. आई शेजारी उभी होती, हातात गाळणी. मी पाटावर बसले. ती वाट बघत होती. चहा आटत गेला, काळा झाला, घरभर करपल्याचा वास पसरला. तेव्हा मला समजलं की ती आता आपण होऊन गाळणार नाही. तिला थांब म्हणणारं बाहेर काही उरलं नव्हतं. गाडी बंद झालेली आम्ही ऐकलीच नव्हती.

शेवटी मी म्हटलं, "आई, झालं." तिने गॅस बंद केला.

आता दर रविवारी हे माझ्याकडे आलं आहे. अकराच्या सुमाराला आई पातेली ठेवते, तीन कपांची. मी पाटावर बसते. बाहेर शेड रिकामं असतं, तिथे मी माझी स्कूटी लावते. आम्ही दोघी बोलत नाही. "झालं" म्हणायचं काम माझं आहे. पहिल्या रविवारी मी लगेच म्हणून टाकायचं ठरवलं होतं. दोन मिनिटं गेली. मग मला वाटलं, जरा थांबू.

मागच्या रविवारी मी घड्याळ पाहिलं. मला दहा मिनिटं लागली होती.